निसर्गचित्रण आणि निसर्गदृष्टी

निसर्गचित्र म्हणजे डोंगर, पाणी, झाडी, शेते, आकाश यांनी बनलेला भूभाग हाच मुख्य विषय मानून काढलेले चित्र. निसर्गदृष्टी म्हणजे एखाद्या समाजाला आपल्या भोवतालच्या सृष्टीत काय पाहण्याजोगे वाटते, काय सुंदर वाटते आणि काय नजरेआड होते, याची घडण. निसर्ग आधी असतो आणि चित्र त्याची नक्कल करते, असा सर्वसाधारण समज आहे. कलेच्या अभ्यासकांनी याच्या उलट दिशेचा प्रवासही दाखवून दिला आहे. चित्रे पाहून नजर तयार होते आणि मग ती नजर प्रत्यक्ष भूभागात तशीच चित्रे शोधू लागते.

प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा विचार मुख्यतः महाराष्ट्रातील, विशेषतः खानदेशातील उदाहरणांच्या आधारे केला आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळा रांगा आणि मध्ये तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन अशी या प्रदेशाची रचना आहे. जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून आहे. भारतीय चित्रकलेतील सर्वांत प्रसिद्ध भित्तिचित्रे ज्या घळीत आहेत, तेथून निघणारी वाघूर नदी याच भागातून तापीकडे जाते. त्यामुळे चित्र आणि भूभाग यांचे नाते तपासण्यास हा प्रदेश सोयीचा ठरतो.

संज्ञा

आज 'निसर्ग' हा शब्द झाडे, डोंगर, नद्या या अर्थी सर्रास वापरला जातो. संस्कृतात त्याचा प्रमुख अर्थ उत्पत्ती किंवा उपजत स्वभाव असा आहे. 'निसर्गतः' या शब्दात तो जुना अर्थ अद्याप टिकून आहे. जुन्या मराठी लेखनात बाहेरच्या जगासाठी 'सृष्टी' व तिच्या शोभेसाठी 'सृष्टिसौंदर्य' हे शब्द अधिक आढळतात.

इंग्रजीतील 'लँडस्केप' हा शब्द डच भाषेतून, चित्रकारांच्या परिभाषेचा भाग म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास आला. त्याचा आरंभीचा अर्थ 'भूभागाचे चित्र' असा होता. प्रत्यक्ष भूभागाला तो शब्द नंतर लावला गेला. मराठीतील 'देखावा' या शब्दाची स्थिती फारशी वेगळी नाही. नाटकाच्या पडद्यावरील दृश्य, गणेशोत्सवातील सजावट आणि घाटातून दिसणारी दरी या तिन्हींना आपण देखावाच म्हणतो. सुंदर जागेला 'अगदी चित्रासारखी' म्हणताना मूळ आणि नक्कल यांची अदलाबदल झालेली असते, हे बोलणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

पूर्वपीठिका

निसर्गचित्राची सर्वांत जुनी सलग परंपरा चीनमधील आहे. तेथे या चित्रप्रकाराला 'शान-श्वी', म्हणजे 'पर्वत-पाणी' असे नाव आहे. पाचव्या शतकातील चित्रकार झोंग बिंग याने वृद्धापकाळी डोंगर चढणे अशक्य झाल्यावर पाहिलेले पर्वत घराच्या भिंतींवर चितारले आणि पडल्यापडल्या त्यांत भ्रमण केले, असे सांगितले जाते. या परंपरेतील चित्रात पाहणाऱ्याची एकच जागा ठरलेली नसते. नजर पायवाटेने वर चढते, धुक्यात हरवते, पुन्हा खाली येते.

युरोपात सतराव्या शतकात क्लोद लोरँ याच्या सोनेरी प्रकाशातील चित्रांनी सुंदर भूभागाचा एक नमुना घालून दिला. पुढील शतकात इंग्लंडमध्ये विल्यम गिल्पिन या धर्मोपदेशकाने, चित्रात शोभेल ते दृश्य कसे ओळखावे याचे धडे देणारी प्रवासपुस्तके लिहिली. वाय नदीवरील त्याचे पुस्तक १७८२ मध्ये निघाले. या काळातील हौशी प्रवासी 'क्लोद काच' नावाचा गडद रंगाचा, किंचित फुगीर आरसा जवळ बाळगीत. एखाद्या रम्य स्थळी पोहोचल्यावर त्या दृश्याकडे पाठ करून ते या आरशात पाहिले जाई, कारण त्यात ते लोरँच्या चित्रासारखे दिसे. दऱ्याखोऱ्यांकडे पाठ करून मोबाइलच्या पडद्यात त्या पाहणाऱ्या आजच्या पर्यटकाचा हा पूर्वज म्हणावा लागेल.

ऑस्कर वाइल्डने १८८९ मध्ये एका संवादरूप निबंधात हाच मुद्दा टोकाला नेला. लंडनमध्ये धुके शतकानुशतके असेल, पण चित्रकारांनी दाखवीपर्यंत ते कोणाला दिसलेच नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. कलेतिहासकार अर्न्स्ट गॉम्ब्रिख यांनी 'आर्ट अँड इल्यूजन' (१९६०) या ग्रंथात अधिक संयत मांडणी केली. च्यांग यी या चिनी चित्रकाराने रंगवलेले इंग्लंडमधील डरवेंटवॉटर सरोवराचे चित्र त्यांनी उदाहरणादाखल घेतले. जागा तीच असूनही ते चित्र चिनी वाटते. चित्रकार जे दिसते तेच काढतो असे नसून, ज्या पद्धतीने काढणे त्याला ठाऊक असते तेच त्याला प्रथम दिसते, असा निष्कर्ष गॉम्ब्रिख यांनी काढला.

अजिंठा : क्षितिज नसलेला निसर्ग

अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे दोन कालखंडांतील आहेत. काही इसवी सनापूर्वीची, तर बहुसंख्य पाचव्या शतकातील वाकाटक काळातील आहेत. त्यांत निसर्ग विपुल आहे, मात्र आजच्या अर्थाचे निसर्गचित्र एकही नाही. क्रमांक १० व १७ च्या लेण्यांत सहा सुळ्यांच्या हत्तीची छद्दंत जातककथा आहे, तिच्यात हत्तींचे कळप, कमळतळी व वृक्ष येतात. क्रमांक १ च्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाभोवती पर्णसंभार, माकडे, मोर आणि किन्नर दाटीने आहेत. छतांवर कमळे, फळे, पक्षी यांची नक्षी आहे. खडक मात्र कोनाकोनांच्या ठोकळ्यांनी दाखवले आहेत, सावल्या पडत नाहीत, प्रकाश एका दिशेने येत नाही आणि क्षितिजरेषा नाही.

हे अज्ञानातून घडले असे मानण्याचे कारण नाही. हत्तीच्या हालचाली, पानांचे प्रकार, माकडांचे चेहरे ज्या बारकाईने टिपले आहेत, त्यावरून त्या चित्रकारांचे निरीक्षण पक्के होते हे उघड आहे. त्यांना निसर्ग दुरून पाहण्याची वस्तू वाटत नव्हता, इतकाच याचा अर्थ. झाड कथेत असते, कारण कथेतील कोणी त्याखाली बसतो; तळे असते, कारण हत्ती त्यात उतरतात. प्राणी, वृक्ष, देव व माणसे एकाच प्रतलावर, एकमेकांच्या शेजारी नांदतात. पालघर-ठाणे भागातील वारली चित्रांतही क्षितिजाविना झाडे, माणसे आणि जनावरे अशीच एकत्र येतात.

याच जागेकडे पाहण्याची दुसरी रीत १८१९ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी एप्रिलमध्ये शिकारीस आलेला जॉन स्मिथ हा मद्रास सैन्यातील अधिकारी येथे आला. त्याने क्रमांक १० च्या लेण्यात आपले नाव व तारीख कोरून ठेवली. समोरच्या कड्यावरून त्याला या लेण्याची कमान दिसली, असे सांगितले जाते. तो कडा आज 'व्ह्यू पॉइंट' म्हणून ओळखला जातो. तेथून घोड्याच्या नालेच्या आकाराची घळ, खाली वाघूरचे वळण आणि कड्याच्या पोटात ओळीने कोरलेली लेणी असे पूर्ण 'चित्र' एका नजरेत येते. पोस्टकार्डे, पाठ्यपुस्तके, पर्यटन-पत्रके यांतील अजिंठा बहुधा याच जागेवरून टिपलेला असतो. मूळ रचना निराळी होती. बऱ्याच लेण्यांना नदीच्या पात्रापर्यंत उतरणाऱ्या स्वतंत्र पायऱ्या होत्या, आणि आज सर्व लेणी जोडणारा सलग मार्ग नंतरचा आहे. भिक्षू पाण्याकडून आपापल्या विहाराकडे चढून जात असत. समोरून दिसणारी लेण्यांची रांग ही प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकानंतरच्या प्रेक्षकाची रांग आहे.

या चित्रांच्या प्रतिकृतींचा इतिहासही येथे लक्षात घ्यावा लागतो. रॉबर्ट गिल याची या कामी १८४४ मध्ये नेमणूक झाली. त्याने केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात नव्या प्रतिकृती केल्या. त्यांतीलही अनेक लंडनमध्येच जळाल्या. छाया-प्रकाशाचे व यथार्थदर्शनाचे पाश्चात्त्य शिक्षण घेतलेले हे मराठी, पारशी तरुण ऋतूमागून ऋतू अजिंठ्याच्या रानात राहून, एकाही सावलीचा आधार न घेता उभ्या केलेल्या झाडांची नक्कल करीत होते. दोन दृष्टींची इतकी दीर्घ समोरासमोर भेट भारतात अन्यत्र क्वचितच झाली असेल.

'पॉइंट' ही कल्पना

भारतातील भूभाग 'दृश्य' म्हणून रंगवण्यास युरोपीय चित्रकारांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आरंभ केला. थॉमस डॅनियल व त्यांचा पुतण्या विल्यम हे १७८६ पासून १७९३ पर्यंत भारतात फिरले. त्यांची १४४ मुद्राचित्रे 'ओरिएंटल सीनरी' या नावाने १७९५ ते १८०८ या काळात प्रसिद्ध झाली. भग्न वास्तू, वाकलेले वृक्ष, पुढे एक-दोन लहान मानवी आकृती आणि मागे पसरलेला प्रकाश ही इंग्लंडात रूढ झालेली मांडणी त्यांनी येथील किल्ल्यांना व मंदिरांना लावली.

याच नजरेने पुढे थंड हवेची ठिकाणे घडवली. महाबळेश्वर येथे मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात, १८२८ च्या सुमारास वसाहत सुरू झाली. माथेरानकडे ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचे लक्ष १८५० मध्ये गेले. दोन्ही ठिकाणी कड्यांना इंग्रजी नावे मिळाली : ऑर्थर सीट, एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट, लुईझा पॉइंट. सिंदोळा टेकडीचा 'विल्सन पॉइंट' झाला. 'पॉइंट' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यासाठी दुसरा शब्द शोधावासा कोणाला वाटत नाही. त्याचा आशय असा की उभे राहण्याची जागा ठरलेली आहे, दिशा ठरलेली आहे, आणि पाहण्यासारखे जे आहे ते समोर, दूर आहे. कठड्याला टेकून दोन मिनिटांत पाहून होते. ज्या कातकरी, धनगर कुटुंबांची घरे त्या दरीत असतात, त्यांच्या दृष्टीने तो पॉइंट नसतो. ती त्यांची चढण असते.

कलाशाळा व महाराष्ट्रातील निसर्गचित्रकार

जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये स्थापन झाली. तेथील प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्या जलरंगांच्या शिकवणुकीमुळे पारदर्शक रंगांत, उघड्यावर बसून चित्र काढण्याची पद्धत रुजली. सा. ल. हळदणकर, मा. के. परांडेकर इत्यादींनी ती लोकप्रिय केली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांचे स्थान यांत स्वतंत्र आहे. दूरच्या रम्य स्थळांच्या शोधात न जाता त्यांनी आपल्या गावचा कोटितीर्थ तलाव व त्याचा परिसर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवला. रोजच्या पाहण्यातील जागा चित्रविषय होऊ शकते हे मराठी प्रेक्षकाला दाखवणाऱ्यांत त्यांचे नाव आधी घ्यावे लागेल. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे यांनी काश्मीरची दृश्ये रंगवली, तर सय्यद हैदर रझा यांचा प्रवास मुंबई-काश्मीरच्या निसर्गचित्रांपासून 'बिंदू'पर्यंत झाला.

सामान्य प्रेक्षकापर्यंत निसर्गचित्र पोहोचले ते प्रदर्शनांतून नव्हे. संगीत नाटक मंडळींचे रंगवलेले पडदे, छायाचित्रकाराच्या स्टुडिओतील मागचा पडदा आणि भिंतीवरचे कॅलेंडर ही त्याची खरी वाहने होती. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी रंगवलेले नाटकांचे पडदे विशेष गाजले. अरण्य, उद्यान, राजमार्ग हे ठरावीक पडदे पाहून कित्येक प्रेक्षकांची अरण्याची कल्पना तयार झाली असणार.

या संदर्भात चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचे काम विलक्षण आहे. आयुष्याचा मोठा काळ ते घराबाहेर क्वचितच पडले. घरातच टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश सोडून त्यांनी बाहेरच्या जगाची दृश्ये उभी केली व त्यांची छायाचित्रे घेतली. पाहणारा ती खरी मानतो, कारण खरे दृश्य कसे 'दिसावे' हे त्याला चित्रांनी आधीच शिकवलेले असते.

एकाच जिल्ह्यातील दोन दृष्टी

निसर्गचित्राची नजर शब्दांतही उतरते. धरणगाव येथे जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) यांना १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली. त्यांची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता जलरंगातील चित्रासारखी रचलेली आहे. झरा, पलीकडच्या टेकडीकडचे लहानसे गाव, पुढे शेतमळे, त्यांतून जाणारी पायवाट, आणि अखेरीस जवळचा काळा डोह व त्यावरचे झाड, असा नजरेचा प्रवास होतो. रंगांची नावे जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर येतात. वाचक एका जागी उभा राहून पाहत असतो.

जळगावजवळील आसोदे येथील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या बालकवींच्या समकालीन होत. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या रचना पुत्र सोपानदेव चौधरी व आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नांनी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आल्या. त्यांच्या कवितेतही शेत, पाऊस, झाडे, सुगरणीचा खोपा आहे, पण क्षितिजाकडे टक लावून पाहणारा प्रेक्षक नाही. पेरणी, मोट, कापणी, मळणी अशा कामाच्या क्रमाने सृष्टी समोर येते. अजिंठ्याच्या भिंतीवर झाड कथेमुळे येते, तसे येथे ते कामामुळे येते. बालकवींची कविता कमी प्रतीची ठरवण्यासाठी ही तुलना करू नये. पाहण्याच्या दोन रीती एकाच मातीत, एकाच काळात होत्या, एवढे तिच्यातून दिसते. अजिंठ्याच्या पायथ्याकडील पळसखेडचे ना. धों. महानोर (१९४२–२०२३) यांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) या संग्रहात दोन्ही रीतींचा संगम आढळतो. शेतकऱ्याचे शेत तेथे रंग-गंधांनी भरलेले 'रान' होऊन येते.

शाळेतील निसर्गचित्र

महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना 'निसर्गचित्र काढा' असे सांगितले की बहुतेक वह्यांत एकच चित्र उमटते : दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून उगवणारा सूर्य, तेथून वळणे घेत येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, शेजारी नारळ आणि आकाशात मराठी चाराच्या आकड्यासारखे पक्षी. हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या एका वहीतून दुसऱ्या वहीत जात आले आहे.

जामनेर, पाचोरा, भुसावळ भागातील मुलाच्या खिडकीतून यांपैकी फारच थोडे दिसते. अजिंठ्याची रांग दख्खनच्या बेसॉल्टची आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून बनल्यामुळे तिचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. टोकदार त्रिकोण त्यात क्वचितच सापडतो. नारळाऐवजी कडुनिंब, बाभूळ, चिंच, पळस आहेत. नदी वर्षातील बरेच महिने वाळूची असते. शेत कपाशीचे किंवा केळीचे असते, आणि केळीच्या बागेचा आखीव हिरवा चौकोन मुलांच्या निसर्गचित्रात जवळजवळ कधीच येत नाही. मुलांना तो दिसत नाही असे नाही. तो 'निसर्ग' या सदरात मोडतो, असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांतील स्मरणचित्र हा विषयही बंद वर्गात बसून सोडवला जात असल्याने, पाठ केलेल्या आकारांचा आधार घेण्याची सवय सुटणे अवघड जाते. सपाट माथ्याचा डोंगर काढणाऱ्या मुलाला 'डोंगराला टोक काढ' असे सांगणारे शिक्षकही दुर्मीळ नाहीत.

मतभेद

चित्र नजर घडवते या मताला मर्यादा आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात टर्नर व मोने यांच्या सुमारे १०० चित्रांचे विश्लेषण केले गेले. चित्रांतील वाढती धूसरता लंडन-पॅरिस येथील वाढत्या वायुप्रदूषणाशी जुळते, असे त्यात आढळले. म्हणजे वाइल्डने ज्याला चित्रकारांची निर्मिती म्हटले, त्यात गिरण्यांच्या धुराचाही वाटा होता. शिवाय ज्यांचा उदरनिर्वाह जमिनीवर आहे त्यांची नजर चित्रांपेक्षा हवामान, पीक आणि गुरे यांनी अधिक घडते. खानदेशात आखाजीचा सण (अक्षय्य तृतीया) ऐन उन्हाळ्यात येतो. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना माहेरी आलेल्या लेकी निंबाला झोके बांधून गाणी म्हणतात. निसर्गरम्यतेच्या कोणत्याही चित्रात न बसणारा हा ऋतू त्यांच्यासाठी वर्षातला सर्वांत हवाहवासा असतो.

संवर्धनावरील परिणाम

चित्रे भूभागाचे भवितव्यही ठरवतात. अमेरिकेत १८७१ च्या यलोस्टोन मोहिमेत थॉमस मोरान या चित्रकाराने केलेली जलरंगचित्रे व विल्यम हेन्री जॅक्सन यांची छायाचित्रे तेथील संसद सदस्यांना दाखवण्यात आली. १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. साताऱ्याजवळील कास पठार फुलांच्या गालिच्याच्या छायाचित्रांमुळे घरोघरी पोहोचले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील अन्य स्थळांसह त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. फुले नसताना तेच पठार उघडा खडकाळ सडा असतो आणि त्या दिवसांत तेथे गर्दी नसते.

चित्रात न बसणाऱ्या भूभागाची बाजू लंगडी पडते. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील गवताळ माळ आणि झुडपी राने यांचा मोठा हिस्सा सरकारी नोंदींत 'पडीक' म्हणून गणला गेला आहे. याचे मूळ कारण महसुलाच्या हिशोबात आहे, चित्रकलेत नाही. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, असा तो हिशोब. पण हिरवी दाट झाडी म्हणजे निसर्ग आणि पिवळे गवत म्हणजे उजाडपण, ही रुळलेली नजर त्या हिशोबाला साथ देते. त्यामुळे माळावर सरसकट वृक्षलागवड करणे किंवा तो प्रकल्पांना देणे कोणाला खटकत नाही. माळढोक, तणमोर, चिंकारा व लांडगा यांना मात्र तो उघडा माळच लागतो. सोलापूरजवळील नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य स्थापन झाले, तरी तेथील माळढोकांची संख्या नगण्य उरली आहे. धुळे भागातील ठेलारी मेंढपाळ याच माळांवर मेंढ्या चारतात. सरकारी नोंदीतील 'पडीक' त्यांच्या लेखी चराऊ रान असते.